पांढरी एक, काळी एक

१८ मार्च

प्रिय बेबी,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. एक्कावन्न वर्षांची झाली तरी जिला घरात बेबी म्हणतात, तिला भावजयीचं बोलणं तोडायचा हक्क असतोच. पण आज गप्प बसून वाच.

काल निकाल लागला. पियानोच्या सहाव्या ग्रेडला माझ्या चार मुली बसल्या होत्या. त्यातल्या तिघींच्या, म्हणजे लांबवेणी आणि दोघी जुळ्यांच्या नावापुढे लिहिलंय, 'निकाल राखून ठेवला आहे'. आणि पास कोण झाली? डॉक्टरीणबाईंची लेक! जिला उजवा हात आणि डावा हात एकाच वेळी चालवायचे असतात हे पटायला दोन वर्षं लागली, ती. मध्यंतरी मला म्हणते कशी, "बाई, तुमचा पियानो माझ्या घरच्या कीबोर्डपेक्षा वेगळा लागतो." मी म्हटलं, "हो ना, नाचता येईना अंगण वाकडं."

आणि राखून ठेवलंय ते काय? श्रुतलेखन. जे माझ्या मुली झोपेत लिहितील. परीक्षक धून तीनदा वाजवतो, पोरीने पियानोकडे पाठ करून ऐकायची आणि स्वरलिपीत लिहून काढायची. पहिला सूर कोणता तेही सांगत नाहीत. मी या तिघींना पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसवलंय. मी सूर वाजवायचा, त्यांनी नाव सांगायचं. रोज चाळीस सूर. तिघींच्याही घरी वाद्य नाही, सकाळी सहाला माझ्याकडे येऊन पाळीपाळीने सराव करतात. लांबवेणी तर आता भांडं पडलं तरी त्याचा सूर सांगते.

मला यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं. परीक्षेच्या दिवशी ते जाड भिंगवाले मुख्य परीक्षक डॉक्टरीणबाईंच्या गाडीतून स्टेशनावर गेले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तू परीक्षा मंडळाच्या कचेरीत बसतेस, निकाल तुझ्याच टेबलावरून जातात. जरा बघ आणि मला खरं काय ते कळव.

तुझी
वहिनी

२४ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. ते वाचून फाडलंय. तूही हे फाड.

पहिली गोष्ट, परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे मुक्कामाला होते हे कुणालाही बोलू नकोस. परीक्षेला मुलं बसवणाऱ्या शिक्षकाच्या घरी आम्ही मंडळाच्या लोकांनी राहायचं नाही असा नियम आहे. मी दर वर्षी तो मोडत आले, कारण भावाचं घर सोडून लॉजवर राहणं मला जमत नाही. पण यंदाचं वर्ष वेगळं आहे.

गाडीचं म्हणशील तर भिंगवाल्यांनी तुमच्या गावात तिघांच्या गाडीतून लिफ्ट घेतली. त्यांना स्वतःच्या खिशातून रिक्षा करायची सवयच नाही. ते डोक्यातून काढून टाक.

आता खरी गोष्ट. तुमच्या केंद्रावर परीक्षा दोन दिवस असते. दोन्ही दिवस श्रुतलेखनाची धून एकच असते, फक्त पट्टी बदलतात, म्हणजे पहिल्या दिवशीच्या मुलांनी बाहेर फोडली तरी घोकून येणारा लगेच पकडला जातो. यंदा पहिल्या दिवशी धून पांढरी एकमध्ये होती आणि दुसऱ्या दिवशी काळी एकमध्ये. म्हणजे तीच धून, अर्ध्या सुराने वर.

तुझ्या चौघी पहिल्या दिवशी बसल्या. डॉक्टरांच्या मुलीने पांढरी एकमध्ये लिहिलं, पाच चुका करून. बाकी तिघींनी काळी एकमध्ये लिहिलं. एकही चूक नाही. तिन्ही कागद एकावर एक ठेवले तर एकच दिसतील.

वहिनी, त्यांनी उद्याचा पेपर आज लिहिला.

दोन्ही दिवसांची बंद पाकिटं माझ्या बॅगेत होती. ती बॅग तुमच्या घरी होती. मी संध्याकाळी अंघोळीला गेले, तेव्हा ती कुठे ठेवली होती, तुला आठवतं का? सहज विचारतेय.

बेबी

२८ मार्च

आदरणीय अधीक्षकबाई,

आपण सहज विचारलंत, मीही सहज उत्तर देते. आपली बॅग आमच्या घरात पलंगाच्या पायथ्याशी होती. आमच्या घरात चोर राहतात हे आपल्या आधी लक्षात आलं असतं तर आपण ती अंघोळीलाही सोबत नेली असती.

बेबी, तुला लाज वाटली नाही? एकतीस वर्षं मी मुलं परीक्षेला बसवतेय. तुझ्या मंडळातल्या निम्म्या लोकांना सप्तक म्हणजे काय ते कळत नव्हतं तेव्हापासून. मी तिघींना समोर बसवून विचारलं. जुळ्या रडायला लागल्या. एक रडली की दुसरी रडतेच, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. लांबवेणी मात्र रडली नाही. म्हणाली, "बाई, मी जे ऐकलं तेच लिहिलं." वर असंही म्हणाली की हॉलमधला पियानो तिला चढा वाटत होता आणि आपले तुकडे वाजवताना बोटं भलत्याच घरात शिरल्यासारखं होत होतं. मी म्हटलं, मोठ्या हॉलमध्ये घाबरल्यावर तसं होतं.

पेपर फुटला असेल तर तो ज्यांच्या हातात होता त्यांच्याकडून फुटला. ती पाकिटं छापणारे, भरणारे, बंद करणारे, वाहून नेणारे सगळे तुमचे. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी! पाकिटांवरचं सील शाबूत होतं की नाही, ते का नाही लिहिलंस?

एक गोष्ट मात्र तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू? तुझा दादा गेले दोन दिवस नीट बोलत नाही. तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काळी एकचं वाक्य आलं आणि हे उठून बाहेर गेले. तेव्हापासून जेवताना ताटाकडे बघतात. मी काही म्हटलं की, "जाऊ दे ना, सोडून दे." तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी शेवटची शिकवणी घेत होते. घरात आत कोण होतं, तूच आठव.

मी यांच्याबद्दल असं लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं.

वहिनी

५ एप्रिल

वहिनी,

अधीक्षकबाई म्हण, काय वाटेल ते म्हण. इथे माझी काय अवस्था आहे ती तुला माहीत नाही.

सील शाबूत होतं. पण भिंगवाले म्हणतात, वाफेवर धरलं तर गोंद सुटतो आणि पुन्हा चिकटतो. त्यांना हे कसं माहीत, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वीस तारखेला सुनावणी आहे. तुला आणि तिघींना इथे यावं लागेल, रीतसर पत्र येईलच. पेपर फुटल्याचं ठरलं तर तुझी मान्यता जाईल. म्हणजे तुझ्या नावावर पुढे एकही मूल परीक्षेला बसणार नाही, आणि तसं सगळ्या केंद्रांना कळवतात. मग तुझ्याकडे कोण शिकायला येणार, हे मी सांगायला नको.

माझ्याकडून त्यांनी लेखी घेतलं. मी लिहून दिलंय की बॅग पूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर होती. मुक्काम लॉजवर होता, असंही. आता ते तसंच राहू दे.

दादाबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मला झोप लागली नाही. लहानपणी मी नापास झाले तेव्हा त्याने माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकली होती. माझ्यासाठी. तुझ्यासाठी तो काय करेल, मला सांगता येत नाही. शेवटी आपलेच दात आणि आपलेच ओठ. तू त्याला सुनावणीच्या आधी विचार. काय असेल ते आपल्या तिघांत राहू दे.

बेबी

९ एप्रिल

बेबी,

विचारलं.

हे सकाळचा पेपर वाचत होते. मी तो हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "बॅग तुम्ही उघडलीत का? एवढंच सांगा." यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी परक्या भाषेत बोलले. मग म्हणाले, "बॅग? नाही. पण चूक माझीच आहे. सहा वर्षं झाली."

"बॅग येऊन महिना झाला, सहा वर्षं कसली?"

मग सगळं निघालं. सहा वर्षांपूर्वी मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, तेव्हा पियानो लावणारे काका आले होते. त्याआधीच्या खेपेला दोन तारा तुटल्या होत्या, तुला आठवत असेल, मी दोन दिवस जेवले नव्हते. माझ्या बाईंनी जाताना मला दिलेला पियानो तो. मी तेव्हा बोलून गेले होते की हा ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी माझं शिकवणंही बंद. काकांनी यांना सांगितलं, तारा म्हाताऱ्या झाल्यात, पुऱ्या ताणल्या तर एकेक करून जातील. सगळ्या सारख्याच अर्ध्या सुराने उतरवल्या तर अजून दहा वर्षं काढतील. हे म्हणाले, उतरवा. आणि बायकोला सांगू नका.

मी परत आले, बसले, वाजवलं. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "काय गोड लावलाय हो काकांनी!" यांनी ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सहा वर्षं जपून ठेवलं होतं.

बेबी, मी कानाची एवढी मिजास मिरवते, आणि माझ्या घरातला पियानो अर्धा सूर खाली बसला हे मला कळलं नाही. दोन सुरांमधलं अंतर मला अचूक कळतं. पण एकटा सूर ऐकून त्याचं नाव सांगणं मला कधीच आलं नाही. मला जे येत नव्हतं ते मी या मुलींना शिकवलं, आणि अर्ध्या सुराने चुकीचं शिकवलं. माझ्याकडे पांढरी एक दाबली की जो सूर निघतो, तोच त्यांच्यासाठी पांढरी एक. मग हॉलमधली खरी पांढरी एक त्यांना काळी एकच ऐकू येणार! त्यांनी उद्याचा पेपर लिहिला नाही ग. त्यांनी आजचाच लिहिला, माझ्या पियानोच्या हिशेबाने.

खात्री करायला मी लांबवेणीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि त्यांच्या कीबोर्डवर पांढरी एक दाबली. ती म्हणाली, "काळी एक." मी म्हटलं, नीट ऐक. पुन्हा काळी एक. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बाई, मी खोटं नाही हो बोलत." मी तिला जवळ घेतलं आणि तिच्याआधी मीच रडले. काखेत कळसा आणि मी गावभर चोर शोधत होते.

डॉक्टरांच्या मुलीची मी माफी मागितली. तिने मोठ्या मनाने दिली आणि लगेच विचारलं, "मग आता त्या तिघी माझ्या पुढे जाणार का?"

यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. काल सकाळी हे पियानोजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू बंद करशील म्हणून घाबरलो होतो."

हे सगळं मी सुनावणीत सांगणार आहे. लोक हसतील. हसू देत. काका स्वतः लेखी द्यायला तयार आहेत. तू फक्त एवढं कर, हॉलमधल्या पियानोवर मुलींचा कान तपासून घ्यायला लाव.

वहिनी

२२ एप्रिल

वहिनी,

तू सुनावणीनंतर माझ्याकडे न बघता मुलींना घेऊन निघून गेलीस ते बरंच केलंस. तिथे आपण एकमेकींना ओळखत नव्हतो. मी कोपऱ्यात बसून टिपणं घेत होते.

तुला मध्येच बाहेर बसवलं, त्यानंतर आत काय झालं ते सांगते. लांबवेणीला पाठमोरी बसवून भिंगवाल्यांनी वीस सूर वाजवले, ते तू पाहिलंसच. वीसच्या वीस चुकले. वीसही बरोब्बर अर्ध्या सुराने. मग त्यांनी तिला फसवायला मुद्दाम खालचे, अगदी घरघरणारे सूर काढले, तिथेही तेच. ते चष्मा पुसत म्हणाले, "इतक्या शिस्तीत चुकायला फार चांगला कान लागतो." जुळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत घेतलं, तेव्हा पहिल्यांदाच त्या एकमेकींशिवाय बसल्या असाव्यात. दोघींचं उत्तर एक.

तिघींचं श्रुतलेखन बरोबर धरलं आहे. निकाल सोमवारी निघेल, तिघीही विशेष प्रावीण्यात आहेत. तुझी मान्यता कायम आहे. अट एकच, पुढच्या परीक्षेआधी पियानोला नव्या तारा घालायच्या आणि तो वर घ्यायचा, किंवा दुसरा आणायचा. मुलींचे कान पुन्हा जुळायला वेळ लागेल, असं ते म्हणाले. पण त्या लहान आहेत.

आता माझं. तुला वाटत असेल की भिंगवाल्यांनी तक्रार केली आणि मी तुला सावध केलं. तसं नाही. ते तिन्ही कागद सगळ्यांत आधी माझ्या हातात आले. पेपर फुटल्याचा संशय आहे असा अहवाल मीच लिहिला, मीच सही केली. तुझं पहिलं पत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्या अहवालाला तीन दिवस झाले होते. दुसऱ्या कुणी तो लिहिला असता तर बॅग कुणाकडे होती हा प्रश्न आधी आला असता, म्हणून मी घाई केली. तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला वाटलं होतं की तू घेतलंच असशील.

'माफ कर' हे लिहायला सोपं आहे म्हणून लिहीत नाही, मनापासून लिहितेय.

बेबी

२७ एप्रिल

बेबी,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली होतं. रागावले होते का? हो, पहिले दोन दिवस. नंतरचे दोन दिवस हे पत्र लिहायचं की नाही यात गेले.

इथे सगळे माझं अभिनंदन करतात. लांबवेणीची आई येऊन पाया पडली. ती उठली आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

बेबी, बॅग मी उघडली होती.

शेवटची शिकवणी पाच मिनिटं आधी सोडली. तू अंघोळीला गेली होतीस, पाण्याचा आवाज येत होता. दोन्ही पाकिटं वरच होती. पहिल्या दिवसाचं मी हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि उजेडासमोर धरलं. काहीच दिसलं नाही, कागद जाड होता. एकतीस वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. पण लांबवेणीसारखी मुलगी मला एकतीस वर्षांत मिळाली नव्हती, आणि ती त्या दिवशी सकाळपासून थरथरत होती. मी स्वतःला सांगितलं, नुसतं बघते.

गॅसवर तुझ्या चहाचं आधण ठेवलेलं होतं. भिंगवाल्यांचं ते वाफेचं मलाही माहीत आहे.

मी पाकीट परत ठेवलं ते सचोटीने नाही. तुझ्या दाराची कडी वाजली म्हणून ठेवलं. वाजली नसती तर मी काय केलं असतं ते मला खरंच माहीत नाही. गेला महिनाभर मी रोज स्वतःला विचारतेय, आणि रोज वेगळं उत्तर येतं.

तुला ते रागाचं पत्र लिहिताना हे सगळं मला माहीत होतं. यांच्यावर संशय घेतला तोही त्याच्यामुळेच. मला वाटलं, यांनी मला खिडकीपाशी पाहिलं आणि माझं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. बिचारे तारांसाठी झुरत होते आणि मी त्यांना माझ्याच मापाने मोजत होते.

यांना मी काल सांगितलं. हे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, बेबीला कळवू नकोस. पण मग तू मला मागितलेली माफी मी फुकट घेतल्यासारखं झालं असतं. ती परत करते. माझी मान्यता तुझ्या हातात आहे. तू जे ठरवशील ते मला मान्य.

वहिनी

४ मे

वहिनी,

तुझं पत्र मी कचेरीत उघडलं आणि तशीच उठून गच्चीवर गेले.

तू पाकीट फोडलं असतंस की नाही, हे मी विचारणार नाही. तुलाच माहीत नाही असं तू लिहिलंस. एवढं खरं मला आजपर्यंत कुणी लिहिलेलं नाही, माझ्या नवऱ्यानेही नाही. पण वहिनी, त्या दिवशी कडी वाजली नसती तर तीन मुली चोर ठरल्या असत्या, आणि त्यांना कधी कळलंही नसतं की का. हे मी तुला ऐकवणारच. ऐकवलं नाही तर मला तुझ्याकडे येऊन जेवता येणार नाही.

तुझं पत्र मी कुणालाही दाखवलं नाही, दाखवणारही नाही. मुलींनी जे लिहिलं ते त्यांचं आहे आणि सील शाबूत होतं. तिथे तुझा प्रश्न माझ्यापुरता संपला.

माझा संपला नव्हता. काल साहेबांकडे गेले आणि सांगितलं की पुढच्या वर्षीपासून त्या केंद्राची पाकिटं दुसऱ्या कुणाकडे द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तिथे माझी वहिनी राहते, तीच मुलं परीक्षेला बसवते, आणि मी लॉजवर राहते असं लिहून दिलं होतं ते खोटं होतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ती तुमची वहिनी? कधीपासून?"

मी म्हटलं, "एकोणतीस वर्षं झाली, साहेब."

मेमो मिळाला आहे. बढती यंदा गेली, पुढचीही जाईल बहुतेक. नोकरी राहिली. रात्री घरी येऊन मी पोटभर जेवले, किती तरी दिवसांनी.

दादाला सांग, शनिवारी येते, दोन दिवस राहीन. हातात पिशवीसुद्धा आणणार नाही.

बेबी